उडवीखालचा हिशेब

काकींनी अंगणातल्या भातातून चार दाणे उचलले, एक दाढेखाली धरला आणि चावला. आवाज आला नाही. "अजून दोन उन्हं लागतील," एवढंच म्हणाल्या आणि पाय घासत भात पुन्हा फिरवायला लागल्या. अंगणभर पसरलेल्या भातात तळव्यांनी सऱ्या पाडत जायचं, टोकाला पोचलं की वळायचं आणि आडव्या सऱ्या पाडायच्या. खालचा दाणा वर, वरचा खाली. मंडणगड तालुक्यातल्या एका वाडीतलं हे शेणाने सारवलेलं अंगण. ऑक्टोबर सरत आलेला, आणि पश्चिमेला खाडीच्या अंगाला ढग.

दाणा पुरता वाळलेला असला की दाढेखाली 'कट्' असा आवाज करून तुटतो. ओल असली की दबतो, चपटा होतो. हे काकींचं ओलावामापक यंत्र, आणि ते बऱ्यापैकी बरोबर मोजतं. कापणीच्या वेळी भाताच्या दाण्यात २० ते २४ टक्के पाणी असतं. कणगीत टाकायचं तर ते १४ टक्क्यांवर यायला हवं, बियाण्यासाठी ठेवायचं तर १२ वर. आधारभूत किमतीने खरेदी करणारं केंद्रसुद्धा १७ टक्क्यांच्या वर ओल असलेलं भात घेत नाही. २४ वरून १४ वर यायचं म्हणजे शंभर किलो भातातून साडेअकरा किलो पाणी उडून जायला हवं. ते उडवायला काकींकडे दोनच साधनं आहेत, ऊन आणि पाय.

भातशेती आणि पर्यावरण असा विषय निघाला की बोलणं बहुधा विळा चालेपर्यंतच्या काळाचं असतं. चिखलणी, खतं, खाचरात साचलेलं पाणी, त्यातून निघणारा मिथेन. विळा चालला की गोष्ट संपली असं धरून चालतात. खरं तर कापणीनंतरच्या दोन महिन्यांत खळ्यावर, गोठ्यात, गिरणीत आणि चुलीपाशी जे घडतं, त्यावरच आधीच्या चार महिन्यांचा किती भाग कामी आला आणि किती फुकट गेला हे ठरतं. वाया गेलेल्या दाण्यासाठीही चिखलणी झालेली असते, युरिया पडलेला असतो, मिथेन हवेत गेलेला असतो. तो परत घेता येत नाही.

मंडणगड हे रत्नागिरी जिल्ह्याचं उत्तर टोक. वर सावित्री, तिच्या पलीकडे रायगड. पश्चिमेला बाणकोटची खाडी आणि समुद्र. तालुक्यातून वाहत जाणारी भारजा. पाऊस साडेतीन हजार मिलिमीटरच्या पुढेमागे, आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत. जमीन जांभ्याची, आंबट गुणाची. सखल भागात भाताचे मळे, थोडं वर कुर्याट, डोंगर-उतारावर नाचणी-वरीची वरकस, खाडीकाठी खारवट. आणि हे सगळं एकेका घराच्या वाट्याला गुंठ्यांत येतं, तेही चार-पाच ठिकाणी विखुरलेलं. हिशेबाच्या सोयीसाठी आपण काकींचं भात २० गुंठे धरू. हेक्टरी ३० क्विंटल उतारा धरला तर वाळलेलं भात भरतं ६ क्विंटल. या सहा क्विंटलांच्या मागे आपल्याला पुढे बरंच फिरायचं आहे.

पहिली गळती शेतातच होते. पाणी लवकर उतरतं अशा हलक्या जमिनीत हळवी भातं लावावी लागतात, म्हणजे ११५-१२० दिवसांत तयार होणारी. ती दसऱ्याच्या सुमाराला पिकतात, आणि नेमका तेव्हाच परतीचा पाऊस गडगडत येतो. गरवी भातं या तडाख्यातून बहुधा सुटतात, पण त्यांना शेवटपर्यंत ओल लागते आणि ती सगळ्यांच्या मळ्यात नसते. त्यामुळे कापायला थांबलं तर लोंब्या जास्त वाळून दाणा झडतो, आणि कापलं तर आडवं पडलेलं पीक भिजतं. शेतकरी रोज सकाळी आकाशाकडे बघून यातला एक तोटा निवडतो.

२०१९ च्या दिवाळीत निवडीची संधीच मिळाली नाही. अरबी समुद्रात 'क्यार' नावाचं चक्रीवादळ उठलं. ते किनाऱ्यावर आलं नाही, ओमानच्या दिशेने सरकून समुद्रातच विरलं. पण जाता जाता कोकणावर इतका पाऊस पाडून गेलं की कापून अंथरलेली भातं खाचरात तरंगली. त्याच्या पाठोपाठ 'महा' आलं. भिजलेल्या लोंबीवर दोन-तीन दिवसांत मोड येतात. हिरव्या कोंबांची ती लोंबी दिसायला फार सुंदर असते, आणि तिच्याकडे बघत उभ्या असलेल्या माणसाला ते सांगायची सोय नसते. मोड आला की दाण्यातला स्टार्च साखरेत उतरायला लागतो. असं भात पुढे वाळवलं तरी गिरणीत त्याची कणी होते. आणि नुसता दाणा जात नाही. भिजलेला पेंढा काळा पडतो, त्याला बुरशीचा वास येतो, गुरं तोंड फिरवतात. म्हणजे माणसाचा आणि गुराचा, दोघांचा घास एकाच पावसात जातो.

वादळ नसलेल्या साध्या वर्षीही गळती असतेच. कापताना, भारे वाहताना, झोडताना, वारवताना, साठवणीत. लुधियानाच्या केंद्रीय काढणीपश्चात संस्थेने २०१५ मध्ये देशभराचा जो अंदाज दिला, त्यात भाताचं नुकसान साडेपाच टक्क्यांच्या आसपास होतं. आकडा किरकोळ वाटतो. काकींच्या सहा क्विंटलांना तो लावला तर ३३ किलो भात, म्हणजे २२ किलो तांदूळ. चार माणसांच्या घरातला दहा-बारा दिवसांचा भात.

आता खळ्यावर येऊ. खळं हा शब्द आज साधा वाटतो, पण या तालुक्यात त्याला जुना काटा आहे. खोतीच्या काळात कुळाचं वर्षाचं नशीब इथेच मोजलं जाई. उभ्या पिकाची अभावणी करून अंदाज बांधायचा आणि भातातला अर्धा वाटा, म्हणजे अर्धेल, खोताकडे जायची. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं मूळ गाव आंबडवे याच तालुक्यात. खोती रद्द करण्याचं विधेयक त्यांनी १९३७ साली मुंबईच्या विधिमंडळात मांडलं, आणि प्रत्यक्ष कायदा व्हायला १९४९ साल उजाडलं. ज्याला निम्मंच मिळणार आहे तो उरलेल्यातलं काहीही टाकत नाही. कोकणातल्या जुन्या काटकसरीला आपण हल्ली 'निसर्गस्नेही जीवनशैली' वगैरे म्हणतो. मला त्यात निसर्गप्रेमापेक्षा पोटाची चिंता जास्त दिसते, आणि त्यात काही कमीपणा आहे असंही वाटत नाही.

मळणीच्या दोन रीती. जास्त भात असलं की खळ्याच्या मध्ये तिवडा रोवून त्याभोवती बैल फिरवायचे. थोडं असलं की झोडायचं. झोडणी म्हणजे पेंढीचा बुडखा दोन्ही हातांत धरून लोंबीकडचं टोक दगडावर किंवा लाकडी ओंडक्यावर आपटायचं. पाच-सहा फटक्यांत दाणे सुटतात. मग सुपाने वारवायचं. भरलेला दाणा पायाशी पडतो, पोल वाऱ्याबरोबर पुढे जातो. या रीतींत कष्ट अतोनात, पण एक गोष्ट लक्षात घ्यावी: झोडणीतून पेंढा अखंड निघतो. काडीला काडी समांतर राहते. त्याची पेंढी बांधता येते, बांधायला पेंढ्याचाच बंध, आणि पेंढ्या रचून उडवी उभी करता येते. मधोमध उंच, बाजूंना उतरती, पागोळीसारखं पाणी घालवणारी उडवी हे कसबाचं काम आहे. नीट रचलेल्या उडवीत पाऊस वीतभराच्या आत जात नाही.

पायाने चालवायचं मळणीयंत्र आलं तोवर पेंढा शाबूत होता, कारण त्यातही पेंढी हातात धरूनच दाते लावलेल्या फिरत्या ढोलावर टेकवायची. पुढे इंजिनाचं मळणीयंत्र आलं, आणि आता लहान पट्ट्यांवर चालणारी कापणी-मळणी एकत्र करणारी यंत्रं रायगड-रत्नागिरीच्या मळ्यांत दिसायला लागली आहेत. दोन दिवसांचं काम तासावर आणणाऱ्या यंत्राला नावं ठेवायचा अधिकार मला नाही; मी कधी पेंढी झोडलेली नाही. पण यंत्रातून पेंढा चुरगळून, तुकडे होऊन, वेडावाकडा बाहेर पडतो. त्याची पेंढी होत नाही. पेंढी नाही म्हणून उडवी नाही. तो गोळा करायला माणूस लावायचा तर यंत्राने वाचवलेली मजुरी तिथे जाते. मग तो मळ्यातच पडून राहतो, आणि कधीतरी कोणीतरी काडी लावून मोकळा होतो.

इथे पंजाबची आठवण येणं साहजिक आहे. दिल्लीच्या नोव्हेंबरातल्या धुराला जबाबदार धरला जाणारा पंजाबातला भाताचा पेंढा वर्षाला सुमारे दोन कोटी टन. तो जाळण्यामागे शेतकऱ्याचा आडमुठेपणा शोधणाऱ्यांनी तिथलं वेळापत्रक पाहावं. भूजल वाचवण्यासाठी २००९ साली पंजाबने कायदा केला आणि भाताची लावणी जूनच्या दहा तारखेपुढे ढकलली. लावणी पुढे गेली तशी कापणी पुढे गेली, आणि गव्हाच्या पेरणीपर्यंत हातात दोन-तीन आठवडे उरले. एवढ्या वेळात शेत साफ करायचं तर आगपेटीइतकं स्वस्त अवजार दुसरं नाही. पाणी वाचवायला केलेला कायदा धुराच्या रूपाने दुसऱ्या दाराने घरात आला.

मंडणगडात ही घाई कधीच नव्हती. भात निघाल्यावर उरल्या ओलीवर कोणी कडवे वाल टाकतं, कोणी कुळीथ, पावटा. बाकी मळे जूनपर्यंत मोकळे. पेंढ्याला गिऱ्हाइक घरातच होतं. गुरांना वर्षभराची वैरण, गोठ्यात अंथरण, गुरांच्या पायाखाली तुडवून झालं की शेणाबरोबर उकिरड्यात आणि तिथून पुन्हा शेतात. एप्रिल-मेमध्ये आंब्याची आढी लावायला पेंढाच लागे, आणि आंब्याच्या लाकडी पेट्यांतही तोच. बियाण्याची मुडी त्याचीच. कोकणात पेंढा जळत नव्हता कारण तो उरतच नव्हता.

आता उरतो आहे. २००१ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या १६,९६,७७७ होती, २०११ मध्ये ती १६,१५,०६९ झाली. देशाची माणसं वाढत असताना या जिल्ह्याची ऐंशी हजारांनी घटली. हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया, हा आकडाही त्याच जनगणनेतला. पुरुष मुंबईत आहेत एवढाच त्याचा अर्थ. काकींच्या शेजारच्या तीन घरांना गणपती ते गणपती कुलूप असतं. गोठ्यात पूर्वी सहा जनावरं होती, आता एक गाय. नांगरणी पॉवर टिलर भाड्याने आणून होते. एका गायीला सहा जनावरांचा पेंढा खाता येत नाही.

या पेंढ्याची किंमत बाजारात विचारली तर फार नाही. मातीला विचारली तर वेगळी येते. एक टन भाताच्या पेंढ्यात साधारण साडेपाच किलो नत्र, २.३ किलो स्फुरद, २५ किलो पालाश आणि सव्वा किलो गंधक असतं. काकींच्या २० गुंठ्यांतून निघणारा पेंढा साडेसहाशे किलो धरला तर त्यात १६ किलो पालाश आहे, म्हणजे म्युरेट ऑफ पोटॅशच्या अर्ध्या पोत्याहून जास्त. तोच पेंढा जाळला तर साडेनऊशे किलोंच्या आसपास कार्बन डायऑक्साइड, चाळीस किलो कार्बन मोनॉक्साइड आणि दोन किलो बारीक कण हवेत जातात. नत्र जवळजवळ सगळं उडतं. पालाश राखेत राहतं खरं, पण जांभ्याच्या उतारावर पडलेली राख आणि साडेतीन हजार मिलिमीटर पाऊस यांची गाठ पडली की ते पालाश कुणाच्या उपयोगाला येणार ते भारजेला विचारावं.

पेंढा मळ्यातच कुजू द्यावा, हा सल्ला बरोबर आहे, पण त्यालाही एक वेळ आहे. जूनमध्ये पाणी साचलेल्या चिखलात ताजा पेंढा गाडला तर तो हवेवाचून कुजतो आणि तिथले जिवाणू त्याचा मिथेन करतात. माणसामुळे हवेत जाणाऱ्या मिथेनपैकी आठ ते दहा टक्के भातखाचरांतून येतो, आणि शंभर वर्षांच्या हिशेबात तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट ऊब धरतो. म्हणून पेंढा कापणीनंतर लगेच, जमिनीत थोडी ओल असताना नांगरून घालावा. कोरड्या महिन्यांत हवा लागून कुजतो तेव्हा मिथेन नावालाच. पंजाबला हा मोकळा काळ मिळत नाही. मंडणगडला तो नोव्हेंबर ते मे असा आयता मिळालेला आहे. गुरं असतील त्यांच्यासाठी दुसरा उपाय: शंभर किलो पेंढ्यावर चार किलो युरिया ४०-५० लिटर पाण्यात विरघळवून शिंपडायचा, पेंढा दाबून, हवाबंद झाकून २१ दिवस ठेवायचा. पचायला हलका होतो, प्रथिनं वाढतात. एका गायीसाठी एवढा खटाटोप कोण करणार, हा प्रश्न मात्र त्याच्याबरोबरच येतो.

तर कोकणातला शेतकरी पेंढा जाळत नव्हता. पण तो भातासाठी जाळत आला आहे, आणि हे मोकळेपणाने सांगितलं पाहिजे. मंडणगडच्या डोंगरात धूर दिसतो तो नोव्हेंबरात नाही, फाल्गुन-चैत्रात. राब भाजतात तेव्हा. रोपं तयार करायची जागा आधीच ठरलेली असते, लागवडीच्या क्षेत्राचा दहावा हिस्सा. तिच्यावर शेणाचा थर, वर ऐन-किंजळाच्या तोडून वाळवलेल्या कवळांचा थर, त्यावर पातेरा आणि गवत, सगळ्यावर मातीची भुरभुर. आणि मग वारा पडल्यावर आग, ती भडकणार नाही, धुमसत जाईल अशी. तूस असेल तर तेही त्यातच जातं.

राबाला अडाणी रूढी म्हणणारे इंग्रजी अमदानीत पुष्कळ होते. वनखात्याला झाडांची तोड खुपत होती. ठाणे-कुलाबा भागात राबाच्या हक्कावरून इतकी ओरड झाली की १८८५ साली सरकारला मुंबई वन आयोग नेमावा लागला. पुढे पुण्याच्या शेतकी कॉलेजातल्या हॅरल्ड मॅन यांनी जोशी आणि कानिटकर या सहकाऱ्यांबरोबर राबाचा नीट रासायनिक अभ्यास केला. तो १९१२ मध्ये प्रसिद्ध झाला. हे मॅनसाहेब म्हणजे पिंपळे सौदागरच्या पाहणीमुळे अर्थशास्त्रवाल्यांना ठाऊक असलेले तेच. शेतकऱ्याला मूर्ख न समजता त्याच्या रूढीमागे काय आहे हे प्रयोगशाळेत बघण्याची बुद्धी त्यांना झाली. राबात तथ्य आहेच. माती तापली की तिची घडण बदलते, रोपाला अन्नद्रव्यं सहज मिळतात, तणाचं बी मरतं, राखेतून पालाश येतं. रोपं उपटताना मुळं न तुटता सुटतात. तोटा आहे तो शेताबाहेर. दोन गुंठे राब भाजायला डोंगरावरच्या बऱ्याच झाडांचे हात छाटले जातात, खतात जायचं शेण जळतं, आणि एखाद्या दुपारी वारा फिरला की राबाचा वणवा होतो. मग दहा वर्षं वाढवलेली आंबा-काजूची कलमं तासाभरात काळी होतात.

राबाचं पुढे काय करायचं, याचं एक उत्तर कोकणातच तयार झालं आणि ते कापणीनंतरच्या अवशेषांतून निघालं. पण त्याआधी भात कणगीत आणि कणगीतून गिरणीत गेलं पाहिजे.

कणगी म्हणजे बांबूच्या पट्ट्यांची उभी पेटी, आतून-बाहेरून शेणमातीने लिंपलेली. तळाशी तूस, भातात मधूनमधून निरगुडीचा पाला. सालीसकट भात ठेवण्यात मोठं शहाणपण आहे. सालीमुळे सोंड्यांना आत शिरणं कठीण जातं. साल किंचित उकलली असली की मात्र पाकोळीची अळी नेमकी तिथून शिरते, म्हणून वाळवणीला इतकं महत्त्व. बियाण्याचा मान वेगळा. ते मुडीत: पेंढ्याच्या आवरणात घट्ट बांधून, पेंढ्याच्याच दोराने गुंडाळून चुलीवरच्या माळ्याला. चुलीचा धूर रोज मुडीला लागायचा, ओल शिरायची नाही, कीड फिरकायची नाही. आता घरात गॅस आहे. धूर गेला हे काकींच्या डोळ्यांसाठी आणि छातीसाठी फारच चांगलं झालं, त्याबद्दल कुणी गळा काढू नये. पण माळ्यावरच्या मुडीला हे कुणी सांगितलं नव्हतं. पहिल्या दोन पावसाळ्यांत बियाण्याला कीड लागली. आता काकी बियाणं झाकणाच्या प्लास्टिकच्या पिंपात ठेवतात, कडक वाळवून. ते चालतं. पिंपात भरताना दाढेखालचा 'कट्' आवाज मात्र पूर्वीपेक्षा जास्त काटेकोर लागतो, कारण कणगी श्वास घेते, पिंप घेत नाही.

पूर्वी भात घरीच घिरटावर भरडायचं, मग व्हाइनात मुसळाने सडायचं. आता गिरण. जुन्या हलरमध्ये साल आणि कोंडा एकत्रच घासून निघतात. तांदूळ जास्त तुटतो, आणि जो मिश्र भुसा मिळतो तो कोंबड्यांना नाहीतर गुरांच्या आंबोणात. रबरी रोलरच्या गिरणीत तूस वेगळं, कोंडा वेगळा, आणि कणीही कमी. सरकारी भरडाईचं प्रमाण साध्या तांदळाला शंभराला ६७, उकड्याला ६८ धरतात. दक्षिणेकडे, सिंधुदुर्गात, उकडा तांदूळ खातात. उकडताना दाण्यातल्या भेगा सांधल्या जातात म्हणून तो तुटत नाही. मंडणगडात चाल बहुधा साध्याचीच. काकींचं सहा क्विंटल भात गिरणीतून आलं की चार क्विंटल तांदूळ, पन्नासेक किलो कोंडा, आणि तूस १२० किलो.

तुसाला काय करायचं हा जगभरच्या गिरण्यांपुढचा प्रश्न आहे. गुरं खात नाहीत, कुजता कुजत नाही, जागा मात्र फार अडवतं. याचं कारण सिलिका, म्हणजे वाळूचाच भाऊबंद. भाताचं रोप जमिनीतून सिलिका उचलून पानांत आणि तुसात साठवतं. तुसाची राख केली तर तिच्यात ८५ ते ९५ टक्के सिलिकाच असते. पानाची धार बोटाला लागते ती तिच्यामुळे. आजी-पणजीच्या राखुंडीत तुसाची काळी राख असायची, दात चकचकीत व्हायचे ते याच घासणीने.

ही राख शेताला परत द्यावी, असं डॉ. नारायण सावंत सांगत. भाताच्या पोषणावर अमेरिकेतल्या आंतरराष्ट्रीय खत संस्थेत काम केलेले हे शास्त्रज्ञ पुढे कोकणातल्या छोट्या शेतकऱ्यासाठी 'चारसूत्री' घेऊन आले. पहिलं सूत्र भाताच्या अवशेषांचं: रोपवाटिकेत चौरस मीटरला अर्धा ते एक किलो तुसाची काळी राख मिसळायची, आणि पहिल्या नांगरणीला हेक्टरी दोन टन पेंढा मातीत घालायचा. दुसरं, बांधावर गिरीपुष्प लावून त्याचा हिरवा पाला चिखलात. हेक्टरी तीन टन. तिसरं, एका चुडात दोन-तीनच रोपं, १५ आणि २५ सेंटिमीटरच्या आलटून-पालटून अंतरावर. चौथं, युरिया-डीएपीची पावणेतीन ग्रॅमची गोळी चार चुडांच्या मध्ये बोटाने सात-दहा सेंटिमीटर खोल खोचायची, म्हणजे खत पाण्याबरोबर वाहून जात नाही आणि हवेतही उडत नाही. दापोलीच्या कृषी विद्यापीठाच्या परिसरात, महाराष्ट्राच्या बाकी भातपट्ट्यातही, ही पद्धत बरीच पोचली.

राबाऐवजी राख, टहाळाऐवजी गिरीपुष्प. सिलिका मिळालेलं रोप ताठ राहतं, खोडकिड्याला आणि करप्याला सहज बळी पडत नाही. चार सूत्रांपैकी सगळ्यात स्वस्त पहिलं, आणि माझ्या पाहण्यात सगळ्यात आधी सोडून दिलं जातं तेही पहिलंच. गोळ्या दुकानात मिळतात. राख करावी लागते.

आणि ती करण्यात मेख आहे. तूस भडकवून पांढरी राख केली तर तापमान फार चढतं, सिलिकाचे स्फटिक बनतात, आणि ती मातीत विरघळतच नाही. रोपाला उपयोगी पडते ती काळी राख: ढीग कडेने पेटवायचा, ज्वाळा उठू द्यायची नाही, नुसतं धुमसू द्यायचं, वरखाली करत राहायचं, काळं झालं की पाणी मारून विझवायचं. यात रात्र जाते. शिवाय हिशेब जुळत नाही. काकींच्या दोन गुंठ्यांच्या रोपवाटिकेला निदान शंभर किलो राख हवी. घरच्या १२० किलो तुसाची काळी राख झाली तर चाळीस किलोंच्या आतच. बाकीचं तूस गिरणीतून आणावं लागतं. ते तिथे फुकट मिळतं, उलट नेलं तर गिरणीवाला खूश. पण फुगलेली वीस-बावीस पोती टेम्पोत घालून वाडीपर्यंत आणायची तर टेम्पोवाला फुकट येत नाही.

हे सगळं मी ओसरीवर बसून काकींना सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मधेच उठून अंगणातलं भात गोळा करायला लागल्या, कारण ढग आता सावित्रीच्या बाजूला सरकून काळे झाले होते. फावड्याने भाताची रास करून वर ताडपत्री ओढली, कडांना दगड ठेवले.

"तूस पेटवायला माझं काय जातं," म्हणाल्या. "रातभर राखण कोण बसायचं, तेवढं सांगा."